हॉगडाल सरांची रुतलेली खोली

तळं गोठलं की बर्फात भोक पाडून मासे धरायचे, आणि वारा लागू नये म्हणून त्या भोकावर लाकडी खोली ओढत आणून ठेवायची, अशी मिनेसोटाच्या उत्तरेकडच्या लोकांची हिवाळ्यातली रीत आहे. मार्चातला तिसरा सोमवार संपायच्या आत ही खोली काठावर आणावी लागते. नाही आणली तर दंड होतो, सरकार ती मोडून टाकतं आणि मोडण्याचा खर्चही मालकाकडूनच घेतं. नॉरहोम गावात हा नियम लहानथोरांना ठाऊक होता. पण हॉगडाल सरांइतका कोणालाच ठाऊक नव्हता. इतरांना तो नुसता पाळायचा होता. सरांना तो इतरांकडून पाळून घ्यायचा होता.

आर्विड हॉगडाल गावच्या शाळेतून नागरिकशास्त्र शिकवून निवृत्त झालेले आणि ओस्मुंड तळ्याच्या रहिवासी मंडळाचे चिटणीस. त्यांना चिटणीस कोणी आणि कधी निवडलं हे आता कोणाला आठवत नव्हतं, आणि विचारायची सोय नव्हती, कारण सभेचं इतिवृत्त तेच लिहीत. ईस्टरआधीचा लेंटचा उपासकाळ सुरू झाला की दर रविवारी चर्चमध्ये प्रवचन आणि शेवटची प्रार्थना यांच्यामध्ये ते उठून उभे राहत आणि तिसऱ्या सोमवारची आठवण करून देत. पास्टरबाईंनी एकदा सुचवून पाहिलं की ही सूचना नंतर खाली कॉफीच्या वेळी दिली तर बरं. सर म्हणाले, "कॉफीच्या वेळी लोक जागे असतात, लक्ष देत नाहीत." पास्टरबाईंनी त्यावर थोडा विचार केला आणि पुन्हा विषय काढला नाही.

यंदा तर सरांनी प्रात्यक्षिक ठेवलं होतं. खोली नुसती बर्फावर टेकवली की दिवसा आतल्या शेगडीने बर्फ वितळतो, रात्री पुन्हा गोठतो आणि खोलीचा तळ धरून ठेवतो. म्हणून खाली लाकडी ठोकळे द्यायचे असतात. चर्चच्या पडवीत, कोट टांगायच्या खुंट्यांखाली, सरांनी मेज मांडून त्यावर चार ठोकळे ठेवले. ठोकळ्यांवर बुटांचा रिकामा खोका. खोक्यावर ठळक अक्षरांत 'खोली'. ठोकळे ओकचे, घोटून गुळगुळीत केलेले, बघत राहावे असे. कोणीतरी विचारलंसुद्धा, कुठून आणलेत म्हणून. सर म्हणाले, "घरचेच आहेत."

ते खरंच होतं. फक्त ते बर्फावरच्या घरचे होते, त्याच्या खालून काढून आणलेले.

प्रात्यक्षिक दोन रविवार ठेवून ठोकळे परत न्यायचे, असं सरांनी ठरवलं होतं. पण लोकांना ते आवडलं. निदान कोणी नावं ठेवली नाहीत, आणि नॉरहोममध्ये आवडणं म्हणजे तेवढंच. म्हणून ते राहिलं. फेब्रुवारी संपता संपता वॉलआय धरायचा हंगाम बंद झाला. तिथला मानाचा मासा तो. सरांना सबंध हिवाळ्यात टेबलावर ठेवण्याजोगा एकही मिळाला नव्हता. पर्च वगैरे लहान मासे धरायला पुढेही मोकळीक असते. पण सरांना त्यात मन नव्हतं. त्यांनी खोलीला कुलूप घातलं. मग मोठा हिमवर्षाव झाला, त्या भाराने बर्फ दबला, खालचं पाणी वर आलं, आणि एका रात्री सगळं घट्ट गोठलं.

सोमवारच्या आधीच्या शुक्रवारी सर खोली आणायला गेले. गाडीला दोर बांधला, खोलीच्या कडीला बांधला आणि हळूच गाडी पुढे घेतली. कडी तेवढी आली.

खोलीवर मालकाचं नाव लिहायचा नियम आहे. अक्षरं बोटभर उंच असली तरी चालतात. सरांनी ती हातभर उंच लिहिली होती, दुसऱ्यांना उदाहरण म्हणून. 'आ. हॉगडाल' हे शब्द काठावरच्या कॅफेत खिडकीजवळ बसून, चष्मा न लावता वाचता येत होते. त्या दिवसापासून कॅफेत खिडकीजवळची जागा मिळेनाशी झाली.

संध्याकाळी घरी येऊन त्यांनी बायकोला सांगितलं, "खोली रुतली."

आर्डिसबाई मोजा विणत होत्या. त्यांनी सुया खाली ठेवल्या. "ठोकळे—" त्या म्हणाल्या, आणि थांबल्या. मग उठून भांडी घासायला लागल्या. भांडी घासलेलीच होती.

याचं कारण असं, की आर्डिसबाईंनी लेंटचं व्रत घेतलं होतं. इतर बायका चॉकलेट सोडतात, कोणी टीव्ही सोडतं. चॉकलेट सोडणं सोपं आहे, असं आर्डिसबाईंचं मत होतं. लेंटच्या पहिल्या दिवशी, राखेच्या बुधवारी, कपाळावर राख लावून घेताना त्यांनी मनात ठरवलं, की ईस्टरपर्यंत आर्विडला लागेल असा एक शब्दही तोंडातून काढायचा नाही. हे त्यांनी कोणालाही सांगितलं नव्हतं; व्रत सांगत सुटलं की त्यातला देव निघून जातो आणि आपणच तेवढे उरतो. सरांना मात्र दुसऱ्या आठवड्यात घर फार शांत वाटू लागलं आणि ते कान तपासून आले. कान उत्तम होते. मग त्यांच्या लक्षात आलं. मनातलं टाळण्यासाठी त्या घासूनपुसून घेतात हेही लक्षात आलं. त्या शुक्रवारपासून घरातलं चांदीचं सगळं लखलखू लागलं.

शनिवारी सर पहार घेऊन गेले. खोलीभोवती बर्फ फोडायचा असा बेत. पहार बर्फावर आपटली की टणकन आवाज व्हायचा, सरांच्या खांद्यापर्यंत झिणझिण्या जायच्या आणि बर्फावर नखाएवढा पांढरा डाग पडायचा. थोड्याच वेळात गाव जमलं. कॉफीचे थर्मास आले. नॉरहोममध्ये कोणी कोणाला 'चुकतंय' असं म्हणत नाही. ते असभ्य समजतात. लोक नुसते उभे राहतात.

"काही जण गरम पाणी ओततात म्हणे," हार्डवेअर दुकानाचा ग्लेन स्टेनरूड म्हणाला.

"ओतत असतील," दुसरं कोणी म्हणालं.

"तसंही करता येतं, असं म्हणतोय मी. करायलाच पाहिजे असं नाही."

सरांनी घरून किटल्या आणून गरम पाणी ओतलं. बर्फ वितळला, पाणी फटीतून आत शिरलं, आणि उन्हं कलायच्या आत काचेसारखं गोठलं. आता खोली आधीपेक्षा चार बोटं जास्त खोल बसली होती.

"हं," ग्लेन म्हणाला. "वेगळंच झालं."

मग कोणीतरी मिठाचं नाव काढलं. ग्लेनच्या दुकानात मिठाच्या गोणी होत्या, हा योगायोग. सरांनी दोन गोणी सगळीकडून पसरल्या आणि रात्रभर मीठ आपलं काम करेल या भरवशावर घरी गेले. रविवारी सकाळी चर्चला जाताना लोकांनी गाड्या थांबवून पाहिलं. खोलीभोवती हरणांचा कळप उभा होता आणि शांतपणे मीठ चाटत होता. मंडळी इतकी शिस्तीत गोलाकार उभी होती, की सरच त्यांना काही समजावून सांगताहेत असं वाटावं. मीठ संपल्यावर त्यांनी दोरही चघळून टाकला.

घरी आर्डिसबाईंनी पडदे उतरवून धुवायला टाकले.

आता डॉ. पेक्काला यांच्याविषयी सांगायला हवं, कारण खरी पंचाईत त्यांचीच होती.

वेर्नर पेक्काला हे सरांचे शेजारी, निवृत्त दंतवैद्य, फिनिश वंशाचे, विधुर. त्यांच्याकडे चाकांऐवजी पट्टे असलेली एक गाडी होती, रणगाड्याचं पिल्लू शोभेल अशी, आणि तिच्या तोंडाशी पोलादी तारेची चरखी. गावातली निम्मी अडकलेली वाहनं त्या चरखीने बाहेर निघाली होती. पण मागच्या वर्षी मंडळाच्या पत्रकात सरांनी लिहिलं होतं: 'एका रहिवाशाने खोली हलवायला अगदी शेवटच्या दिवसाची वाट पाहिली, हे खेदाने नमूद करावे लागते. त्यांचे नाव घेण्याची गरज नाही. ते दंतवैद्य आहेत.' गावात दंतवैद्य तेवढा एकच. पेक्काला त्यावर काही बोलले नव्हते. यंदा त्यांनी खोली केव्हाच काठावर नेली होती, आणि सरांच्या खोलीशेजारी बर्फात भोक पाडून, पालथ्या बादलीवर बसून ते रोज पर्च धरत होते. त्यांच्याकडून मदत घ्यायची म्हणजे ते पत्रक गिळायचं. पण नाही घ्यायची म्हणजे सोमवार उलटायचा, आणि पुढच्या लेंटमध्ये प्रवचनानंतर उठून उभं राहायचं तोंड राहायचं नाही.

तरीही पेक्कालांनी शुक्रवारीच विचारलं होतं. कडी निघाल्यावर बादलीवरून मान वळवून म्हणाले, "गाडी आणू का?"

"छे छे, तुम्हाला कशाला तसदी," सर म्हणाले.

"बरं," पेक्काला म्हणाले, आणि पुन्हा गळाकडे पाहू लागले.

हे असं व्हायचं नव्हतं. सरांसारख्या नॉर्वेहून आलेल्या घराण्यांत मदत असो की केकचा तुकडा, पहिल्यांदा नको म्हणायचं, दुसऱ्यांदा अगदी नको म्हणायचं, आणि तिसऱ्यांदा विचारल्यावर "तुमचा आग्रहच असेल तर" असं म्हणायचं. याला मर्यादा म्हणतात. पहिल्याच वेळी हो म्हणणारा माणूस उपाशी तरी असतो किंवा परगावचा. पण पेक्काला पडले फिनिश, तिथे नको म्हणजे नको. त्यातून दंतवैद्य, समोरच्याच्या तोंडात अवजार असताना तोच प्रश्न पुन्हा विचारून उपयोग नसतो, हे ते जन्मभर शिकलेले.

सरांनी दुसऱ्या प्रश्नाला वाव देण्याचा खूप प्रयत्न केला. शनिवारी पेक्कालांच्या अगदी जवळ उभं राहून ते मोठ्याने धापा टाकत राहिले. पेक्काला म्हणाले, "दमलात."

रविवारी चर्चच्या तळघरात कॉफीच्या रांगेत सर त्यांच्या मागे उभे राहिले. "खोली अजून तिथेच आहे," ते सहज म्हणाले.

"दिसते इथून," पेक्काला म्हणाले, आणि खरंच खिडकीतून दिसत होती.

"उद्या सोमवार."

"रविवारनंतर असतोच."

आर्डिसबाई पलीकडे कप मांडत होत्या. त्यांनी मांडलेले कप उचलले, पुसले आणि पुन्हा मांडले. वर पडवीत बुटाचा खोका त्या चार सुंदर ठोकळ्यांवर दिमाखात बसला होता.

सोमवारी दुपारी रेने सुंडवोल्ड आली. तळी, मासे आणि हंगाम यांवर देखरेख करणारी ती सरकारी अधिकारी; कमरेला पट्टा, हातात पावतीपुस्तक. सरांची ती विद्यार्थिनी. वर्गात तिला कधी रागवावं लागलं नव्हतं, त्यामुळे सरांना ती फारशी आठवत नव्हती. पण तिला सर चांगले आठवत होते.

"नमस्कार सर," ती म्हणाली. "ही खोली कोणाची?"

सरांनी हातभर उंचीच्या अक्षरांकडे पाहिलं. "रेने, तुला वाचता येतं."

"येतं सर. पण विचारायचा नियम आहे. वर्गात तुम्हीच सांगितलं होतंत, गृहीत धरायचं नाही."

"माझी आहे," सर म्हणाले.

"आज हलणार का?"

सरांनी उत्तरादाखल पहार उचलली. बोटं इतकी गारठली होती, की ती हातातून सुटली. पेक्कालांनी न बोलता दुसरी बादली पालथी घातली, सरांना बसवलं आणि हात गुंतून राहावेत म्हणून आपलीच दुसरी छोटी गळाची काठी त्यांच्या हातात दिली. गळ भोकात होता. सर बसले. काठावरून पाहणाऱ्यांना वाटलं, सरांनी आशा सोडून मासे धरायला घेतले.

रेनेने खोलीभोवती एक फेरी मारली. मग पेक्कालांना म्हणाली, "डॉक्टर, तुमची ती गाडी चालू आहे ना? सरांना विचारलंत का?"

"विचारलं. नको म्हणाले."

"किती वेळा विचारलंत?"

पेक्काला तिच्याकडे पाहत राहिले. "किती वेळा म्हणजे? मला एकदाच ऐकू आलं."

रेनेची आई नॉर्वेजियन घराण्यातली. तिने आवाज खाली आणून, एखाद्या घरातलं आजारपण सांगावं तसं सांगितलं, "तीनदा विचारायचं असतं डॉक्टर."

पेक्कालांनी आपला गळ गुंडाळून ठेवला. ते तेवीस वर्षं त्या शेजारात राहत होते. या अवधीत हॉगडालांच्या घरी पुढे केलेल्या प्रत्येक केकला ते 'नको' म्हणाले होते, आणि आर्डिसबाईंनी पुन्हा पुन्हा विचारल्यावर या बाईंना ऐकू कमी येतं असं समजत आले होते. मग ते उभे राहिले, टोपी नीट केली आणि सरांच्या समोर आले.

"गाडी आणू का?"

"छे छे, कशाला उगाच," सर म्हणाले. सोमवार होता, ऊन कललं होतं, पावतीपुस्तक उघडं होतं. पण जिभेला वळण लहानपणीच लागलेलं असतं.

"गाडी आणू का?"

"नको हो, तुम्ही मासे धरत होतात. तुमचा वेळ—"

आणि गळाला ओढ लागली.

ती पर्चची ओढ नव्हती. काठी वाकून बर्फाला टेकली. सर उठले, बसले, पुन्हा उठले. गळाची दोरी सुटत गेली, आली, सुटली. काठावर कॅफेचं दार उघडल्याचा आवाज झाला. पेक्कालांनी गुडघ्यांवर बसून भोकात हात घातला, आणि बर्फावर एक वॉलआय आला. सोनेरी, काचेसारख्या डोळ्यांचा, हाताच्या कोपरापासून बोटांच्या टोकांच्याही पुढे जाणारा. सरांनी साठ वर्षं ज्याची वाट पाहिली होती तो मासा, हंगाम बंद झाल्यावर तीन आठवड्यांनी, सरकारी अधिकाऱ्याच्या बुटांपाशी.

वारा पडला.

सरांनी रेनेकडे पाहिलं. रेनेने तळ्याकडे पाहिलं. तिला पाठ फिरवून पावतीपुस्तकात काही शोधता आलं असतं, आणि तिने पानं चाळायला घेतलीही. पण सरांनी हातमोजे काढले, मासा दोन्ही हातांनी धरला, गळ हलकेच सोडवला आणि त्याला भोकात डोक्याकडून पाण्यात सोडलं. क्षणभर तो तिथेच राहिला, मग शेपटीचा एक झटका, आणि नुसतं काळं पाणी.

"लगेच सोडायचा असतो," सर म्हणाले. मग त्यांनी ओले हात कोटाला पुसले.

"हो सर," रेने म्हणाली.

पेक्कालांनी भोकात एकवार पाहिलं. "बारीक नव्हता," ते म्हणाले. फिनिश माणसाकडून यापेक्षा जास्त कौतुक कोणी ऐकल्याचं नॉरहोममध्ये तरी माहीत नाही.

मग ते रेनेकडे वळले. "आता पुन्हा पहिल्यापासून विचारायचं का?"

तिने विचार केला. "नाही. आजचे दोन धरले आहेत."

"सर," पेक्काला म्हणाले, "गाडी आणू का?"

"तुमचा आग्रहच असेल," हॉगडाल सर म्हणाले, "तर."

गाडी आली. पेक्कालांनी आधी करवतीने चारी बाजूंनी बर्फाला खाचा पाडल्या. "मुळाशी सैल करायचं, मग ओढायचं," एवढंच म्हणाले. तार लावली, चरखी फिरली, खोली करकरली, डुलली, आणि डौलात निघाली. तिच्या भिंती निघाल्या, छप्पर निघालं, दार निघालं, 'आ. हॉगडाल' निघालं. तळ तिथेच राहिला. बर्फात बसलेल्या त्या फळ्यांवर शेगडी, खुर्ची आणि भिंतीवरून खाली पडलेलं हंगामाच्या तारखांचं सरकारी पत्रक, असं सगळं उघड्यावर आलं.

पेक्कालांनी वाकून पाहिलं. "मूळ राहिलं."

"मूळसुद्धा काढावं लागेल," रेने म्हणाली. "नियमाने."

पण आता सरांनी एकदा हो म्हटलं होतं, आणि त्याने एक मोठी अडचण दूर झाली होती. कॅफेतली माणसं फावडी घेऊन बर्फावर आली. कोणी विचारलं नाही, कोणाला नको म्हणायची वेळ आली नाही. ग्लेनने पहारी आणल्या, आणि त्यांचे पैसे मागितले नाहीत. तो थोडा वेळ घुटमळला, पण मागितले नाहीत. झाडांआड सूर्य जायच्या आत शेवटची फळी काठावर आली. रेनेने पावतीपुस्तक मिटलं आणि म्हणाली, "वेळेत आहे, सर." सरांनी वर्गात हे वाक्य कधी कोणाला म्हटलं होतं का, हे ते घरी जाईपर्यंत आठवत राहिले.

पुढच्या रविवारी सर प्रवचनानंतर उभे राहिले नाहीत. मंडळाच्या पत्रकासाठी त्यांनी एक परिच्छेद लिहिला, ज्यात एका रहिवाशाचं नाव घेण्याची गरज होती आणि घेतलं होतं. शिवाय त्यांनी मनाशी एक नवा नेमही केला, की यापुढे माणसाच्या शब्दाला मान द्यायचा. तो नको म्हणाला तर नको. फिनिश लोकांचं यात काही चुकत नाही. हा नेम त्यांनी आर्डिसबाईंना जेवताना सविस्तर सांगितला. आर्डिसबाईंनी बशीतलं मीठ मागितलं.

ईस्टरची सकाळ उजाडली. घंटा झाल्या, लिलीची फुलं झाली, भजनं झाली. घरी येऊन आर्डिसबाईंनी कॉफी ठेवली आणि स्वस्थ बसल्या. त्यांच्या हातात फडकं नव्हतं. एवढ्यात दार वाजलं. सरांनी उघडलं. पायरीवर डॉ. पेक्काला उभे होते, टाय लावून, हातात स्वतः भाजलेला वेलदोड्याचा पाव, फडक्यात गुंडाळलेला, अजून गरम.

"सणाचा," ते म्हणाले.

"वा! आत या, कॉफी होतेच आहे," सर म्हणाले.

पेक्कालांनी गेले काही दिवस याचा सराव केला असावा. त्यांनी नजर खाली वळवली आणि मर्यादेने म्हणाले, "छे छे, तुम्हाला कशाला तसदी."

"बरं," सर म्हणाले. पाव घेतला, आभार मानले, आणि दार लावलं.

ते आत येऊन खुर्चीत बसले. नेम पाळल्याचं समाधान त्यांच्या चेहऱ्यावर होतं. आर्डिसबाईंनी खिडकीतून पाहिलं. पेक्काला पायरीवर होते तसेच उभे होते, टोपी हातात धरून, दाराकडे बघत. दुसऱ्या प्रश्नाची वाट पाहत.

आर्डिसबाई उठल्या. दार उघडलं.

"डॉक्टर, जाऊ नका," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "आम्ही अजून दोनदा विचारायचं आहे तुम्हाला. पण त्याआधी मला आर्विडशी थोडं बोलायचंय. लेंट संपला."

डॉक्टर पायरीवर बसले. ऊन चांगलं पडलं होतं आणि तळ्यावरचा बर्फ आतल्या आत तडकत होता. वेळ बराच लागला. सुरुवात ठोकळ्यांपासून झाली.